खंडेनवमीला पूजलेला गोळा

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "सुभेदार, काहीतरी थरारक लिहा." मी म्हटलं, बाई, थरार होऊ नये याचाच तर मी आयुष्यभर पगार घेतला. ज्या दिवशी काही घडलं नाही तो आमचा उत्तम दिवस, आणि असे दिवस देवानं मला भरपूर दिले. त्यांच्यावर लिहायचं तर तुमची पानं कोरी सोडावी लागतील. त्या हसल्या, पण फोन काही ठेवला नाही. तेव्हा ज्या एका गोष्टीनं मला निवृत्तीनंतरही स्वस्थ बसू दिलं नाही, ती लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत.

मी लष्कराच्या दारूगोळा खात्यात होतो. घर शिरूरचं, घोडनदीच्या जुन्या मिशन कंपाउंडच्या मागचं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, वडील चर्चची घंटा सांभाळायचे, आणि मी गोळे सांभाळले. लोक विचारतात, "बंदुका लई चालवल्या असतील?" चालवल्या, पण कमी. आमचं काम म्हणजे दारूगोळा उतरवून घेणं, कोरडा ठेवणं, तपासणं, आणि म्हातारा झाला की त्याला सुखरूप मारणं. सुखरूप म्हणजे आपण सुखरूप.

आता दोन-चार शब्द समजावून सांगतो, कारण वर्तमानपत्रवाले दिसेल त्याला 'बॉम्ब' म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. बंदुकीतून जाते ती गोळी. तोफेतून किंवा मॉर्टरमधून जातो तो गोळा. मॉर्टर म्हणजे एक जाड नळी, आकाशाकडं तोंड करून रोवलेली. वरून गोळा आत सोडायचा, तो तळाशी आपटतो, त्याच्या शेपटीतली दारू पेटते आणि तो उडून जातो. गोळ्याच्या नाकावर असतो फ्यूज. तुमच्या घरातल्या फ्यूजशी त्याचं काही नातं नाही. जमिनीवर पडल्यावर 'आता फूट' असं गोळ्याला सांगणारा तो. जवानांना शिकवायला वापरतात तो ड्रिलचा गोळा. त्याच्या पोटात काही नसतं, आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून अंगाला भोकं पाडलेली असतात.

आणि जो उडाला, पडला, पण फुटला नाही, त्याला आम्ही ब्लाइंड म्हणतो. पेटीतल्या नव्या गोळ्याला उशाशी घेऊन मी निवांत झोपेन. ब्लाइंड असलेल्या खोलीत मी खोकणारसुद्धा नाही. नव्या गोळ्याची सगळी कुलपं लावलेली असतात. ब्लाइंडची कुलपं उडतानाच उघडलेली असतात, फक्त शेवटचं काहीतरी अडलेलं असतं. काय अडलंय आणि किती अडलंय, हे बाहेरून बघून कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

रंगाचंही सांगायला हवं. गोळ्याच्या अंगावरचा रंग आणि पट्टे ही काही नटवानटवी नव्हे. ते बघून आम्हाला कळतं की आत स्फोटक आहे, नुसता धूर आहे, की काहीच नाही. म्हणून आमच्या डेपोत कुणी गोळ्याला हौसेनं रंग फासला असता तर त्याची खैर नव्हती. फाटकावर काडेपेटी, बिडी, मोबाईल काढून ठेवायचा. आत पळायचं नाही, पेटी ओढायची नाही, टाकायची तर नाहीच. आमचे उस्ताद, म्हणजे आम्हाला शिकवणारे सुभेदार, साताऱ्याकडचे होते. 'काय होत नाही' हे शब्द ज्याच्या तोंडून निघतील त्याला भर उन्हात मैदानाची फेरी. "ज्यानं काय होत नाही म्हटलं, त्याच्याच हातनं होतं," असं ते म्हणायचे. सुरुवातीला आम्ही पाठीमागं त्यांची टिंगल करायचो. पुढं मीसुद्धा माझ्या हाताखालच्या पोरांना तशाच फेऱ्या मारायला लावल्या.

शिरूरला परत आल्यावर वाटलं, सुटलो. कसचं काय. मार्केट यार्डात कांद्याच्या ढिगाखाली 'बॉम्ब' सापडला म्हणून मला घरून उचलून नेलं. तिथं अर्धं यार्ड रिकामं, हमाल रस्त्यापलीकडं, आणि ढिगाशेजारी एकटा एक कुत्रा झोपलेला. मी लांबून बघितलं, वाकून बघितलं. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा जुना हायड्रॉलिक जॅक होता. ज्या व्यापाऱ्यानं फोन केला होता तो बिचारा ओशाळला. मी त्याला म्हटलं, शेठ, तुम्ही बरोबर केलं. शंभरदा जॅक निघाला तरी शंभरदा फोन करा. दुसऱ्या एका ठिकाणी, नगर रस्त्यावरच्या ढाब्यात, गोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं फुलदाणी करून ठेवलं होतं. ते पोकळ होतं, आरपार दिसत होतं, म्हणून मी चहा पिऊन निघून आलो.

पण आप्पांच्या घरचा गोळा पोकळ नव्हता.

न्हावऱ्यापुढं भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. तिथं नदीकाठच्या एका गावात नामदेव आप्पा आणि त्यांची बायको हौसाआक्का राहतात. त्यांचा एकुलता एक मुलगा अमोल पायदळात होता, मॉर्टर चालवायचा. लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. सरावाच्या मैदानावर अपघात झाला आणि तो गेला. तिरंग्यात गुंडाळून त्याला आणलं तेव्हा आसपासच्या माजी सैनिकांबरोबर मीही गेलो होतो. शवपेटीसोबत आलेल्या हवालदारानं, मी त्याच धंद्यातला म्हणून, बाजूला घेऊन मला सांगितलं होतं: सराव संपल्यावर न फुटलेले गोळे शोधायला जी तुकडी गेली, तिच्यात अमोल होता. आईवडलांना कळवलं होतं ते एवढंच की सरावात अपघात. त्यांनी त्याच्यापुढं विचारलं नाही, आणि त्या दिवशी ते सांगण्यात काही अर्थही नव्हता.

तेव्हापासून आप्पा दर खंडेनवमीला माजी सैनिकांना जेवायला बोलवायचे. आमच्या घरी खंडेनवमी नसते, पण फौजेत शस्त्रपूजेला मी दरवर्षी ओळीत उभा राहिलेलो माणूस. आणि पुरणपोळीला धर्म नसतो असं माझी बायकोच म्हणते. तरी काही ना काही अडायचं आणि जाणं राहायचं. एका वर्षी मात्र ठरवून निघालो. मोटारसायकल काढली आणि इतर कुणी यायच्या आधीच त्यांच्या दारात पोचलो.

दारात आप्पा नारळ घेऊन बसले होते. नारळ फोडायचा दगड शेजारी धुऊन ठेवलेला. "या सुभेदार, बरं झालं लौकर आलासा. पूजा व्हायचीच हाय अजून," म्हणाले. आत, देव्हाऱ्याजवळ, अमोलच्या फोटोखाली हौसाआक्का मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर काहीतरी घेऊन त्या चिंचेच्या कोळानं घासत होत्या, ओल्या फडक्यानं पुसत होत्या.

मला बघून त्या जराशा हसल्या. म्हणाल्या, "अमोलच्या हत्याराला आंगूळ घालतीया."

त्यांच्या मांडीवर मॉर्टरचा गोळा होता. चांदीसारख्या ऑइलपेंटनं रंगवलेला, शेपटीला भगवा पट्टा, पोटावर तांबड्या अक्षरात 'अमोल'. वर गेल्या वर्षीचं हळदकुंकू वाळून बसलेलं.

मी जागच्या जागी थांबलो. अशा वेळी आवाज चढवायचा नाही, हे अंगात मुरलेलं असतं.

"आक्का, उठू नका. हात तेवढा थांबवा."

"का ओ? काय चुकलं का?"

"काही नाही चुकलं. मला जरा बघू द्या. आप्पा, तो नारळ खाली ठेवा. हळू."

मी गुडघ्यावर बसलो. रंगाचे थरावर थर होते, त्यामुळं मूळ रंग आणि पट्टे कुठंच दिसत नव्हते. ज्या खुणांवरून मी दहा पावलांवरून ओळखलं असतं, त्या सगळ्या या माणसांनी मायेपोटी पुसून टाकल्या होत्या. अंगाला भोक एकही नव्हतं. नाकावर फ्यूज जागेवर. उरली शेपटी. मान वाकडी करून बघितलं, तर तिच्या बुडाशी बारीक खड्डा होता. मॉर्टरच्या तळाशी आपटल्यावर ठोका बसतो, तो. म्हणजे हा उडालेला होता. पडलेला होता. आणि फुटलेला नव्हता. ही बाई दर वर्षी त्याला मांडीवर घेऊन चोळत होती. आधीच्या वर्षी जेवायला आलेल्यांनी तो हार-फुलांखाली झाकलेलाच बघितला असणार.

खरं तर ब्लाइंडला हात लावायचा नसतो. पण आक्का त्याच्याखाली होत्या. मी गोधडी मागितली, तिची घडी करून जमिनीवर अंथरली, आणि आक्कांना म्हटलं, आपण दोघं मिळून याला खाली ठेवू. जसा आडवा आहे तसाच, जरासुद्धा तिरका न करता. "झोपलेलं लेकरू ठेवत्यात तसं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, हो, तसंच. त्यांनी माझ्यापेक्षा अलगद ठेवला. मग मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि बाहेर, रस्त्यापलीकडच्या घरी जाऊन बसा म्हटलं.  

आक्का गेल्या. आप्पा आत आले आणि गोळ्याशेजारी बसले.

"आप्पा, चला. पोलिसांना कळवायचंय."

"पोलिसांचं काय काम? चोरलाय व्हय मी? दौंडच्या भंगारवाल्याकडनं पैसं मोजून आणलाय."

अमोलचं वर्षश्राद्ध झाल्यावर ते भंगारवाल्याकडं गेले होते. पोरगं मॉर्टरवर होतं, तसलं काही असलं तर दे, खंडेनवमीला पुजायला, असं त्याला म्हणाले होते. गोळाफेकीच्या सरावाच्या रेंजच्या आसपास लोक पोटासाठी लोखंड वेचतात, त्यातलाच हा कुठून तरी फिरत आलेला. भंगारवाल्याला तो काय आहे हे ठाऊक नव्हतं की ठाऊक असून त्यानं विकला, देव जाणे. त्याची पुढं चौकशी झाली, पण निष्पन्न काय झालं ते माझ्या कानावर आलं नाही.

"आप्पा, तो भरलेला आहे. कधीही फुटू शकतो."

"इतकी वर्षं घरात हाय. धुतो, पुसतो, रंगवतो. काय न्हाई झालं. काय होत न्हाई, सुभेदार."

दुसरा कुणी असता तर मी फाडकन बोललो असतो. त्या शब्दांची मला चीडच आहे. पण समोर आप्पा होते. मी कायद्याचं सांगितलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सांगितलं, आक्कांची शपथ घातली. त्यांनी गोळ्यावर हात ठेवला. 'अमोल' या अक्षरांवर.

"एकदा पेटीत घालून आणून दिला. उघडून बघू बी दिला न्हाई. आता एवढं ऱ्हायलंय, ते बी न्या. तुमी फौजवाले लई नेता, सुभेदार."

 मी बाहेर जाऊन पोलिसांना बोलावू शकलो असतो. चार जण येऊन त्यांना धरून ओढतील, आणि तो हात गोळ्यावरून ओढला जाईल, हे डोळ्यांपुढं आलं. तेव्हा जे सांगायचं नाही असं मी अंत्यविधीच्या दिवशी मनाशी ठरवलं होतं, ते सांगायची वेळ आली. मला त्यांचं काळीज फाडायचं नव्हतं. पण माणूस उठणं भाग होतं.

"आप्पा, अमोल कशानं गेला, माहीत आहे?"

"सरावात. काय तरी फुटलं."

"हे फुटलं. असाच गोळा. उडवलेला, पडलेला, न फुटलेला. तसले शोधायला तो गेला होता. हा तोच आहे, आप्पा. ह्यानंच नेला त्याला."

त्यांनी त्या अक्षरांकडं बघितलं.  मग त्यांनी हात काढून घेतला. हळूच काढला, पण काढला, आणि धोतराला पुसला.

"आन् मी ह्याला हळद लावतोय," ते म्हणाले. मग म्हणाले, "दुखलं असंल का त्याला?"

"नाही. कळलंसुद्धा नसेल." हे मी धीर द्यायला म्हणून सांगितलं नाही. इतक्या जवळ असताना कळत नाही, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि आम्ही स्वतःचं समाधानही त्यावरच करतो.

आप्पा उठले. फोटोकडं बघितलं नाही, गोळ्याकडं बघितलं नाही. मी पाठोपाठ बाहेर आलो आणि दार नुसतं लोटून घेतलं. कडी घालायचंही धाडस झालं नाही.

मी फोन केला, पोलीस आले, दोरी बांधली, आजूबाजूची घरं रिकामी झाली. पुरण शिजलेलं तसंच चुलीवर राहिलं. आप्पांनी ती रात्र गावातल्या शाळेच्या पडवीत काढली. आक्का पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसून चिंचेच्या कोळाचे हात पुन्हापुन्हा धूत होत्या. अमोल कशानं गेला ते आप्पांनी त्यांना सांगितलं होतं, मला ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

दसऱ्याच्या सकाळी लष्कराची तुकडी आली. एक हवालदार, हाताखाली दोघं. हवालदार उत्तरेकडचा, तिशीतला, कमी बोलणारा. मला बरं वाटलं, कारण या कामात बडबड्या माणसाची मला भीती वाटते. मी बघितलं ते सगळं त्याला सांगितलं. तो एकटा आत जाऊन बघून आला आणि म्हणाला, "साहब, आपने ठीक कहा। चला हुआ है।" असा गोळा खरं तर असेल त्या जागीच उडवायचा असतो. पण ते घर होतं. त्यानं ठरवलं की वाळूच्या पेटीत ठेवून, हातानं उचलून, नदीच्या पात्रात न्यायचा.

आप्पा दोरीपाशी उभे होते. मला विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं. तसे ते दोरीखालून वाकून पलीकडं गेले आणि हवालदारासमोर उभे राहिले.

"पोरांनी हात लावायचा न्हाई. जागच्या जागी उडवा. घरासकट उडवा. म्या लिहून देतो."

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी हिंदीत सांगितलं. त्यानं घराकडं मान वळवली. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढं पत्र्याची पडवी.

"घर किसने बनवाया, बाबा?"

आप्पांना तेवढं हिंदी कळलं. "पोरानं. त्याच्या पगारातनं."

"तो फिर नहीं उड़ाएँगे।" त्यानं आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "आप पीछे खड़े रहिए। हमें आता है यह काम।"

"त्याला बी येत हुतं," आप्पा मराठीत म्हणाले. हे मी हिंदीत सांगितलं नाही. हवालदाराला ते कळलं असावं.

आम्ही सगळे गावाच्या वेशीपाशी गेलो. मी निवृत्त माणूस, मला पुढं जायची परवानगी नव्हती, आणि ती नसावीच. तरी पाय शिवशिवत होते. तिघं जण पेटी आणि लांबून गोळा उडवायची वायर घेऊन नदीकडच्या वाटेनं गेले. चालले, पळाले नाहीत, त्यांचं पाऊलसुद्धा वाकडं पडलं नाही. पाठीमागून बघताना मला माझ्या पोरांचा अभिमान वाटला, जरी ती माझी पोरं नव्हती. बंधाऱ्यापलीकडं ते दिसेनासे झाले. मग फार वेळ काहीच नाही. आप्पा माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

मग आवाज झाला. पायाखालची जमीन हलली, शाळेच्या खिडक्या थरथरल्या, उसातून बगळ्यांचा थवाच्या थवा वर उठला. आवाजावरून मला कळलं की गोळा पोटभर भरलेला होता. आक्कांनी तोंडावर पदर धरला. पोरंटोरं मोबाईल वर करून धुरळ्याचं शूटिंग घेत होती, कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आप्पांनी धुरळ्याकडं बघितलंच नाही. त्यांची नजर बंधाऱ्यावरच्या वाटेवर होती. वाटेवर एक डोकं दिसलं. मग दुसरं. तिसरं काही दिसेना.

"तिसरा?" आप्पांनी विचारलं. माझं मनगट त्यांनी इतकं दाबलं की दुखलं. "सुभेदार, तिसरा कुठाय?"

"वायर गुंडाळत असेल, आप्पा. येईल."

तिसरा म्हणजे हवालदारच होता. खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन तो सगळ्यांत मागून आला. अंगभर धूळ, पापण्यांवरसुद्धा. आप्पा थेट त्याच्यापाशी गेले. त्याचे हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले, दोन्ही दंड चाचपले, मान, कान. तो गप उभा राहिला. मग आप्पा म्हणाले, "आदी आयला फोन लाव."

मी हिंदीत सांगितलं, "कहते हैं, पहले माँ को फोन करो।"

हवालदार खाली बघायला लागला. "साहब, माँ को मालूम ही नहीं मैं क्या करता हूँ। उसे लगता है, स्टोर में हूँ। क्या बताऊँगा?"

मी ते आप्पांना मराठीत सांगितलं. हवालदाराचे हात त्यांनी अजून सोडले नव्हते.

"सांगू नगं काय बी," ते म्हणाले. "नुस्ता आवाज ऐकव तिला."